बारा वर्षांची वहिवाट

बारा वर्षें ताबा राहिला कीं जमीन आपली, ही समजूत आपल्या कुटुंबांतून इतकी रुजली आहे कीं, गांवीं सारा भरणारा बंधु निर्धास्त असतो आणि शहरांत नोकरी करणारा उगाच धास्ती घेतो.

कल्याण तालुक्यांतील खडवलीचेंच उदाहरण घेऊं. भातसेच्या कांठचें हें गांव कल्याण-कसारा लोहमार्गावर असल्यानें मुंबईची नोकरी धरणें येथें सोपें. समजा, थोरले बंधु मुंबईस गेले. धाकट्यांनीं वडिलोपार्जित भातखाचरें वीस वर्षें कसलीं, साराहि त्यांनींच भरला. आतां पुतण्या म्हणतो, "काका, जमीन आमची झाली." झाली काय? मुळींच नाहीं. एका सहहिस्सेदाराचा ताबा तो सर्वांचाच ताबा, हें सर्वोच्च न्यायालयानें लक्ष्मी रेड्डी खटल्यांत (निकाल १९५७ सालीं प्रसिद्ध) स्पष्ट केलेलें आहे. सात-बारावर एकट्याचें नांव लागलें, तरी ती नोंद साऱ्यापुरती. तिनें मालकी येत नाहीं. 'तुमचा हक्क मला मान्य नाहीं' असें उघडपणें, थोरल्यांस कळेल अशा रीतीनें सांगून त्यांस वगळलें पाहिजे. १२ वर्षें मोजावयाचीं तीं तेथून. राखणदाराचा वा कुळाचा ताबाहि परवानगीचा, म्हणून प्रतिकूल नव्हे; कुळकायद्यानें कुळास मिळणारा हक्क ही गोष्ट निराळी.

परंतु थोरल्यांनीं यावरून स्वस्थ झोंप घ्यावी असें नव्हे. हक्क नाकारणारें पत्र हातीं पडूनहि, 'घरचाच मुलगा, बोलला असेल रागानें' म्हणून तें फडताळांत ठेवून दिलें, तर १९६३ च्या मुदतीच्या कायद्याचें कलम २७ आड येतें. मुदत टळली कीं दाद मागण्याची वाट तर बंद होतेच, पण हक्कच नष्ट होतो. शिवाय २०१९ सालीं रविंदर कौर ग्रेवाल खटल्यांत असेंहि ठरलें कीं, प्रतिकूल ताब्यानें मालक झालेला इसम बचावापुरताच नव्हे, तर स्वतः दावाहि लावूं शकतो.

हा कायदा ज्यांस परका वाटतो त्यांनीं याज्ञवल्क्यस्मृति पाहावी. डोळ्यांदेखत दुसरा भूमि भोगीत असतां न बोलणाऱ्या मालकाची वीस वर्षांनीं हानि होते, असें तेथेंहि आहे. विज्ञानेश्वरानें मात्र मिताक्षरेंत ती हानि उत्पन्नापुरती धरली. आम्हांस त्याचें मत अधिक न्याय्य वाटतें. पण आजच्या न्यायालयांत तें चालावयाचें नाहीं.

तेव्हां अशा पत्रास ताबडतोब लेखी उत्तर द्यावें, वारस-नोंद करून घ्यावी, आणि दरसाल येणाऱ्या तांदुळाच्या वाट्याची पोंच उभयतांनीं लिहून ठेवावी. भावाभावांत पोंच कसली, असें वहिनी म्हणतील. त्यांसच ती लिहावयास सांगावी.