ओलं धान वर ठेवा

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारातून जात होते. त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तर वरचं कोरडं आणि आतलं ओलं. व्यापारी म्हणाला, पाऊस लागला. प्रेषितांनी विचारलं की मग ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाहीस, आणि बजावलं की फसवणारा आमच्यातला नाही. ही हदीस आपण बयानात ऐकतो आणि दुकानदाराकडे बोट दाखवून मोकळे होतो. मला ती आज संगणकवाल्यांना लावायची आहे.

आपला भंडारा जिल्हा धानाचा. खरेदी केंद्रावर ग्रेडर मीटर लावतो आणि ओलावा १७ टक्क्यांच्या वर गेला की माल परत पाठवतो. या ग्रेडरवर आपण चिडतो. पण ही तपासणी गोदामाच्या दारात होते म्हणूनच तिला अर्थ आहे. ओलं पोतं एकदा थप्पीत गेलं की नेमकं कोणत्या पोत्यानं माल कुजवला हे शोधण्यासाठी सगळी थप्पी उतरवावी लागते.

कर्नेलचंही तसंच आहे. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी, डिस्क, प्रोसेसर कोणत्या प्रोग्रामला किती द्यायचं हे तो ठरवतो. एखादं अ‍ॅप बिघडलं तर ते अ‍ॅप बंद पडतं, कर्नेल बिघडला तर अख्खं मशीन बंद पडतं. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्स कर्नेल आहे. त्याच्या कोडच्या ओळी ३ कोटींहून जास्त. दर ९-१० आठवड्यांनी नवी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीत हजारावर माणसांनी केलेले १० हजारांहून जास्त बदल असतात.

हे सगळे बदल गोळा करून शेवटी तपासायचे म्हटलं तर? १० हजारांतला एक दोषी बदल निम्मे-निम्मे करत शोधला, तरी सुमारे १४ वेळा कर्नेल बांधून मशीन सुरू करून पाहावं लागतं. तोच बदल आला त्या दिवशीच तपासला, तर शोधायला एकच बदल असतो आणि तो लिहिणाऱ्याच्या डोक्यातही ताजा असतो. याला म्हणतात कंटिन्युअस इंटिग्रेशन, म्हणजे पोतं दारात आलं की लगेच मीटर. इंटेलचा झिरो-डे बॉट पाठवलेले पॅच स्वतः बांधून पाहतो आणि चूक सापडली की लिहिणाऱ्यालाच कळवतो. गूगलचा सिझबॉट कर्नेलला वेड्यावाकड्या मागण्या करून तो कुठे कोसळतो ते पाहतो. २०१४ मध्ये सुरू झालेला आणि २०१९ पासून लिनक्स फाउंडेशनखाली असलेला कर्नेलसीआय वेगवेगळ्या प्रयोगशाळांतल्या खऱ्या मशीनवर कर्नेल चालवतो. या तिघांचेही निकाल जगासमोर उघडे असतात. ओलं धान वर ठेवणं म्हणजे हेच.

तरीही आपल्याकडे ऐकायला मिळतं, ‘आधी चालू करा, मग पाहू.’ असं म्हणणाऱ्यांनी १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवावा. क्राउडस्ट्राइक कंपनीचा कर्नेलमध्ये बसणारा प्रोग्राम एक नवी फाइल वाचायला गेला आणि कोसळला. फाइलला २१ रकाने हवे होते, प्रोग्राम २० देत होता. कंपनीकडे तपासणी होती, पण त्या तपासणीतच दोष होता. आणि आधी थोड्या मशीनवर पाठवून पाहण्याऐवजी फाइल एकदम सगळीकडे गेली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून दिले गेले. एका रकान्याची चूक!

भंडाऱ्याच्या माणसाला तर हे समजावून सांगावं लागू नये. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली आणि १० बाळं गेली. राज्यातल्या रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश त्यानंतर निघाले. उशिरा आलेली तपासणी म्हणजे पंचनामा.

माझं भांडण फक्त कंपन्यांशी नाही, आपल्याशीही आहे. आपली इंजिनिअर पोरं ‘टेस्टर’ म्हटलं की नाक मुरडतात. आईबापांनाही वाटतं, मुलगा कोड लिहितो म्हणजे मोठा आणि तपासतो म्हणजे हलका. ज्या कामाचा धडा स्वतः प्रेषितांनी बाजारात हात घालून दिला, ते हलकं कसं?

दुसरी गोष्ट. जे मशीन कोणाच्याच प्रयोगशाळेत नाही, ते मोडलं तर कोणाला कळत नाही. इंटेलच्या इटॅनियम प्रोसेसरचा कोड २०२३ मध्ये लिनक्समधून काढून टाकला गेला, कारण सांभाळणारं कोणी उरलं नव्हतं. तुमसर-पवनीच्या घराघरांत चालणारे जुने लॅपटॉप आणि स्वस्त फोन यांची काळजी कॅलिफोर्नियानं का घ्यावी? ज्यांची मशीन तपासणीत नाहीत, त्यांच्या घरीच तपासणी होते, आणि तीही त्यांना न विचारता.

यावर उपाय आपल्या हातात आहे. लिनक्सच्या स्थिर आवृत्तीत दुरुस्त्या घालण्याआधी त्या साधारण दोन दिवस सगळ्यांसमोर ठेवल्या जातात. जगभरातले लोक आपापल्या मशीनवर त्या चालवून पाहतात आणि ‘चाललं’ किंवा ‘पडलं’ असं कळवतात. यासाठी ना पदवी लागते ना कोणाची शिफारस. एक जुना लॅपटॉप, इंटरनेट आणि चिकाटी पुरते. कॉलेजला पुढे जायचं असेल, तर दूरून बंद-चालू करता येणारे बोर्ड मांडून कर्नेलसीआयला प्रयोगशाळाही जोडता येते.

मशीद कमिट्या आणि आपल्या शाळा टॅली, एमएस-सीआयटीचे वर्ग चालवतात. जरूर चालवाव्यात. पण त्या वर्गाच्या कोपऱ्यात एक टेबल जुन्या मशीनसाठी ठेवा आणि दोन मुली, दोन मुलगे त्यावर बसवा. त्यांनी शोधलेली एक चूक जगातल्या कुठल्यातरी दवाखान्यातलं मशीन बंद पडण्यापासून वाचवेल. ते कोणाचं, हे त्यांना कधी कळणार नाही. अमानत अशीच सांभाळायची असते.