वृद्ध कुंभार आणि आमचें कर्तव्य

कुंभार म्हातारा झाला कीं त्याचें चाक थांबावयाचेंच, अशी आमच्या लोकांची समजूत आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. काठीनें जड चाक फिरवितां फिरवितां खांदा निकामी होतो, हें खरें. परंतु माती किती मुरवावी, माठांत पाणी गार व्हावें म्हणून तींत राख वा लीद किती घालावी, आवा कसा रचावा, हें ज्ञान वयाबरोबर वाढतच जातें. ज्या वर्ध्यास ३० डिसेंबर १९३८ रोजीं महात्माजींनीं ग्रामोद्योगांचें मगन संग्रहालय उघडलें, तेथें तरी तें ज्ञान सरणावर जाऊं नये.

खांद्याचें काम विजेचें चाक करूं शकतें. २०२३ सालीं सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेंत कुंभारास अवजारांसाठीं १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठेविलें आहे. तींत किमान वय १८ वर्षांचें सांगितलें आहे, कमाल वय सांगितलेलें नाहीं. म्हणजे म्हाताऱ्यास निवृत्त करणारे आम्हीच! सुशिक्षितांनीं त्याचा अर्ज भरून द्यावा. तरुणांनीं माती मळावी व त्याच्यापासून शिकावें. आणि व्यापारी बंधूंनीं उन्हाळ्यांत माठाची घासाघीस करण्यापूर्वीं, आपण केवळ मातीचें मोल करीत नाहीं, हें ध्यानांत धरावें.