उद्भवाचे रक्षण

पाणीपुरवठ्याच्या सरकारी दप्तरात एक फार सुंदर शब्द आहे. ज्या विहिरीतून, विंधन विहिरीतून किंवा तलावातून गावाच्या नळांना पाणी यावयाचे, त्या जलस्थानास तेथे ‘उद्भव’ असे म्हणतात. योजनेचा नकाशा काढणारा अभियंता, देयके तपासणारा कारकून आणि ग्रामसभेत उभे राहून ‘आपला उद्भव कुठला धरायचा?’ असे विचारणारा शेतकरी, हे तिघेही तो शब्द इतक्या सहजतेने उच्चारतात की, जन्म हा त्याचा मूळ अर्थ त्यांपैकी कोणाच्याच ध्यानात राहत नाही. तो राहिला असता, तर पाण्याचा जन्म विहिरीच्या कड्यात होत नसून वरच्या टेकडीवर पडणारा पाऊस, उतारावरचे गवत, ओढ्याकाठचा मुरूम आणि त्या मुरमाखालच्या खडकाच्या भेगा या सर्वांच्या पोटी तो होतो, हेही ध्यानात राहिले असते. आणि विहिरीला कठडा बांधला, पंपघराला कुलूप लावले, म्हणजे उद्भवाचे रक्षण झाले, असा जो समज आपल्या कारभारात रुजून बसला आहे, तो कदाचित रुजला नसता.

मराठवाड्यातील माझ्या आजोळी अशी एक विहीर आहे. १९७२ च्या दुष्काळात गावकऱ्यांनी खडी फोडून आणि माती वाहून जो पाझर तलाव बांधला, त्याच्या बांधाखाली, तलावाचे पाणी झिरपून यावे याच हेतूने, ती खोदलेली आहे; आणि नळ नव्हते त्या काळात दोरांनी पाडलेल्या बोटबोट खोल खाचा तिच्या काठच्या घडीव दगडावर आजही हाताला लागतात. एका चैत्राच्या अखेरीस पहाटे मी तेथे गेलो, तेव्हा तळाशी उतरलेली एक सून कपारीतून पाझरणारे पाणी वाटीने कळशीत भरीत होती, वर तिची सासू दोर सावरून उभी होती, आणि कळशी भरली की ‘आत्याबाई, ओढा’ अशी हाक विहिरीत घुमून वर येत होती. रात्रपाळीची वीज अद्याप गेलेली नसल्यामुळे सभोवारच्या मोसंबीच्या बागांतून मोटारींची घरघर त्याच वेळी अखंड ऐकू येत होती. दुपारी टँकर आला आणि त्याने आपले पाणी त्याच विहिरीत ओतले. हे पाणी कोठून आणले, असे मी चालकास विचारले, तेव्हा त्याने बांधापलीकडची, तहसीलने टंचाईपुरती अधिग्रहित केलेली एक खाजगी विहीर बोटाने दाखविली. गावाच्या विहिरीकडे झिरपून येणारे पाणी वाटेतच उपसले जावे आणि पुढे तेच पाणी सार्वजनिक तिजोरीतून मोबदला देऊन त्याच विहिरीत आणून ओतावे लागावे, हा क्रम त्या चालकाच्या, त्या सासूच्या आणि त्या सुनेच्याही अंगवळणी पडलेला होता.

त्या बागाईतदारास दोष देऊन मात्र हा प्रश्न सुटणारा नाही. त्याच्या बागेवर कर्ज आहे, आणि झाड एकदा वाळले की पाच-सात वर्षांची मेहनत मातीला मिळते. शिवाय, आपल्या जमिनीखालचे पाणी आपलेच, ही जी त्याची समजूत आहे, तिला शतकाहून अधिक काळचा आधार आहे. कारण १८८२ च्या सुखाधिकार कायद्याने, निश्चित प्रवाहातून न वाहणारे भूमिगत पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा व वापरण्याचा हक्क जमीनमालकाचा मानला. परंतु कायद्याने आखलेली हद्द खडकाला ठाऊक नाही. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भूभाग ज्या काळ्या पाषाणाचा आहे, त्यात पाणी वाळूतल्यासारखे सर्वत्र भरलेले नसते. वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या सांध्याभेगांत ते मोजकेच साठते, आणि एकाच साठ्याला दहा खातेदारांच्या विहिरी लागलेल्या असतात. अशा ठिकाणी ज्याची विंधन विहीर अधिक खोल, त्याचा हक्क अधिक, असाच व्यवहार होऊन बसतो. आणि या चढाओढीत जी विहीर कोणा एकाची नसते, ती गावाची विहीर सर्वांच्या आधी कोरडी पडते.

राज्याला हे कळले नव्हते, असे म्हणता येत नाही. पिण्याच्या पाण्याच्या प्रयोजनार्थ भूजलाचे विनियमन करणारा अधिनियम महाराष्ट्राने १९९३ साली केला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर खोदू नये, आणि टंचाई जाहीर झाल्यावर परिसरातील खाजगी विहिरींच्या उपशावर निर्बंध घालण्याचा अधिकार प्रशासनास असावा, अशी त्यातील तजवीज होती. पुढे २००९ चा भूजल विकास व व्यवस्थापन अधिनियम आला व २०१४ साली तो अमलात आला. ६० मीटर, म्हणजे सुमारे २०० फुटांहून खोल विहिरींवर त्याने बंधन घातले, राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडे भूजलाचीही जबाबदारी सोपविली, आणि पाणलोट क्षेत्रवार समित्यांची कल्पना मांडली. तरीही माझ्या आजोळच्या विहिरीभोवती पाचशे-सहाशे फुटांच्या विंधन विहिरी घेतल्या गेल्या, त्या काही रात्रीच्या अंधारात नव्हेत. विंधनयंत्राची गाडी दिवसाढवळ्या गावात शिरते, तिच्या धुराळ्याने सारी आळी भरून जाते, आणि तरीही तक्रार करावयास कोणी धजत नाही. कारण त्या तक्रारीचा अर्थ शेजाऱ्याविरुद्ध अर्ज असा होतो. गावाच्या सामाईक हिताचे रक्षण ज्या कायद्याने एकट्यादुकट्या तक्रारदाराच्या धैर्यावर सोपविले, त्याची अंमलबजावणी आपल्या गावगाड्यात होणे मुळातच कठीण होते.

दुसरा दोष कारभाराच्या रचनेत आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवावयाच्या २९ विषयांची जी सूची जोडली, तिच्यात पाणलोट क्षेत्र विकास तिसऱ्या स्थानी आणि पिण्याचे पाणी अकराव्या स्थानी आहे. आणि आपल्या मंत्रालयातही उद्भव एका विभागाच्या दप्तरी, तर त्या उद्भवाला पाणी पुरविणारी टेकडी दुसऱ्या विभागाच्या दप्तरी, अशी वाटणी झालेली आहे. पाणीपुरवठा विभागाने विहीर खोदावी, टाकी बांधावी, नळ घरोघर न्यावा. मृद व जलसंधारण विभागाने चर खोदावेत, नाले अडवावेत. आणि या दोन कामांमध्ये जे निसर्गाने एकच आहे, ते कागदावर कोठेही एकत्र येऊ नये, असा शिरस्ता पडून गेला आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनने प्रत्येक ग्रामीण घरात माणशी दररोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचा संकल्प केला, तो सर्वथैव स्तुत्य आहे. परंतु आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार, ही आपल्या आज्या-पणज्यांची म्हण नळालाही तितकीच लागू आहे.

पाणी अडविण्याच्या बाबतीत महाराष्ट्र मागे राहिला, असे कोणी म्हणणार नाही. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ च्या ग्रंथात सरकारने ताली-बंधारे घालून पावसाचे पाणी शेतांत मुरवावे, अशी मागणी केली होती. आणि १९७२ नंतर रोजगार हमीवर झालेले पाझर तलाव, पुढची पाणलोट विकासाची कामे आणि २०१४ च्या डिसेंबरात सुरू झालेले जलयुक्त शिवार अभियान, हा सर्व त्याच विचाराचा विस्तार होय. पण मुरविलेल्या पाण्याची राखण कोणी करावयाची, हा प्रश्न प्रत्येक वेळी पुढच्या योजनेवर ढकलला गेला. जलयुक्त शिवारावर साडेनऊ हजार कोटींहून अधिक रुपये खर्ची पडूनही भूजलाची पातळी वाढविण्यात त्याचा फारसा परिणाम दिसला नाही, असा निष्कर्ष महालेखापरीक्षकांच्या २०२० साली विधिमंडळापुढे आलेल्या अहवालात नोंदला गेला. त्यावरून जे राजकीय वादंग माजले, त्यात शिरण्याचे येथे कारण नाही. परंतु बंधारा बांधला म्हणजे पाणी वाढेल आणि पाणी वाढले म्हणजे ते आपोआप तहानलेल्यापर्यंत पोहोचेल, या दोन गृहीतांपैकी दुसरे तरी निश्चित खोटे आहे. वाढलेल्या पाण्यावर पहिली झडप पडते ती नव्या पिकाची.

मग दुसरे काय होऊ शकते, याचे उत्तर याच भूमीत आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे पर्जन्यछायेतील गाव. जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या त्या गावाने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली टेकड्यांवर चर खोदले आणि कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याचे खरे मोठेपण त्यानंतरच्या संयमात आहे. शेतीसाठी विंधन विहिरीचे पाणी घ्यावयाचे नाही आणि ऊस-केळीसारखी पिके लावावयाची नाहीत, हे गावाने आपण होऊन ठरविले. आणि दरवर्षी पडलेला पाऊस मोजून, त्यातून माणसांचे व गुराढोरांचे पाणी प्रथम बाजूला काढून, उरेल त्या मानाने कोणते पीक घ्यावयाचे हे ग्रामसभेत ठरविण्याचा प्रघात त्याने पाडला. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीच्या रूपाने याहून मूलगामी विचार मांडला होता. पाण्याचा वाटा जमिनीच्या क्षेत्रावर नव्हे, तर घरातील माणसांच्या संख्येवर द्यावा, आणि ज्याला जमीन नाही त्यालाही तो मिळावा, असे त्यांचे सूत्र होते. पाण्याचा हक्क सातबाऱ्याच्या उताऱ्यापासून वेगळा करण्याचा तो प्रयत्न होता, आणि १८८२ च्या कायद्याला इतके साधे व इतके न्याय्य उत्तर क्वचितच कोणी दिले असेल.

शहरालाही हा धडा अपरिचित नाही. १८६० साली पुरा झालेला विहार तलाव आणि १८७९ चा तुळशी तलाव यांच्या पाण्यात घाण येऊ नये, एवढ्यासाठी त्यांच्या सभोवारचा पाणलोट वस्ती आणि नांगर यांपासून मुक्त राखला गेला. आज जे वन संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखले जाते, त्यातील एक मोठा भाग या तलावांच्या निमित्ताने वाचला. मुंबईच्या आजच्या गरजेत त्या दोन तलावांचा वाटा अल्प आहे. परंतु पिण्याच्या पाण्याकरिता एक सबंध टेकडी राखून ठेवता येते, हे जे मुंबईसाठी दीडशे वर्षांपूर्वी शक्य झाले, ते माझ्या आजोळच्या पन्नास एकर उतारासाठी आज अशक्य का मानावे?

म्हणून माझी मागणी थोडकी आहे. प्रत्येक सार्वजनिक उद्भवाचे पाणलोट क्षेत्र भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने आखून द्यावे, आणि गावठाणाची हद्द जशी गावनकाशावर असते, तशी त्याची हद्दही नकाशावर व अधिकार अभिलेखात नोंदली जावी. म्हणजे ५०० मीटरची अट कोणा शेजाऱ्याच्या अर्जावाचून, विंधनयंत्राला परवानगी देतानाच, आपोआप पुढे येईल. या यंत्रणेजवळ राज्यभर सुमारे चार हजार निरीक्षण विहिरी आहेत, त्यांची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते. आणि अटल भूजल योजनेने आपल्या १३ जिल्ह्यांतील निवडक गावांना पाण्याचे अंदाजपत्रक मांडावयास शिकविले आहे. हे ज्ञान अहवालात निजून राहू नये. दिवाळीपूर्वीच्या ग्रामसभेत, रब्बीचा पेरा ठरण्याआधी, ते पाटीवर खडूने लिहिले जावे, आणि त्यातून पिण्याच्या पाण्याची वजावट झाल्यावाचून एकाही पिकाचा हिशेब मांडला जाऊ नये. उद्भवाच्या उतारावरील उकिरडे आणि शोषखड्डे हलविणे हेही याच कामात येते. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकणाऱ्या जलसुरक्षकाने वर्षभर इमानाने काम केले, तरी टेकडीवरून उतरणारी घाण त्याच्या एका डब्याने धुऊन निघत नाही.

यात बागाईतदाराचे नुकसान आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. आणि गावाच्या घशासाठी जो आपली मोटार चैत्र-वैशाखात बंद ठेवील, त्याला भरपाई मिळाली पाहिजे, हेही मी तितक्याच आग्रहाने म्हणेन. टँकरवर आणि अधिग्रहणावर दर उन्हाळ्यात जो पैसा जातोच, त्यातील काही अंश त्याच्या ठिबक संचाकडे, कमी पाण्याच्या पिकाकडे किंवा बंद ठेवलेल्या उपशाच्या मोबदल्याकडे आगाऊ वळविला, तर शासनाचे काही जाणार नाही, आणि विहिरीचे पाणी विहिरीत राहील.

त्या दिवशी संध्याकाळी मी निघालो, तेव्हा टँकरने ओतलेल्या पाण्यातील निम्मे पाणी खडकाच्या भेगांतून पुन्हा खाली उतरून गेले होते, आणि ती सून कळशी घेऊन परत पायऱ्या उतरत होती. ते पाणी कोठे गेले, हे तिला विचारावे लागले नाही. वीज परत आली होती, आणि बांधापलीकडची मोटार सुरू झाली होती.