अनुदानाआधी खतावणी

एखाद्या नगराला रस्त्यांसाठी अनुदान मिळाले, की रकमेचा आकडा वर्तमानपत्रांत ठळक छापला जातो व ते मिळवून आणणाऱ्यांचे सत्कार होतात. व्यापारी माणसाला मात्र हा आनंद अवेळी वाटल्यावाचून राहत नाही. भांडवल हाती आले म्हणजे नफा झाला, असे कोणतीही पेढी मानीत नाही. अनुदान हे भांडवल होय. त्याचा नफा रस्त्यावर वाचलेल्या जिवांतच मोजला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या बाबतीत अमेरिकेने घालून दिलेली रीत विचारात घेण्याजोगी आहे. 2021 ते 2023 या तिन्ही वर्षांत त्या देशात दरवर्षी 40 हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडली. नोव्हेंबर 2021 मध्ये झालेल्या कायद्याने केवळ रस्त्यांच्या सुरक्षिततेसाठी 2022 ते 2026 या पाच वर्षांकरिता 500 कोटी डॉलरची तरतूद केली. हा पैसा राज्य सरकारांस न देता थेट नगरांस व जिल्ह्यांस देण्याचे ठरले. त्याच्या अटी तर एखाद्या जुन्या सावकाराने घातल्यासारख्या आहेत. अपघात कोठे व कशाने होतात याचा अभ्यास करून आराखडा सिद्ध केल्यावाचून बांधकामासाठी पैसा मिळत नाही. ज्यांच्यापाशी आराखडा नाही, त्यांस आधी तो करण्यापुरतेच अनुदान. शिवाय एकूण खर्चाचा किमान 20 टक्के भाग नगराने स्वतः उभा करावयाचा. फेब्रुवारी 2023 मध्ये पहिल्या फेरीचे 80 कोटी डॉलर जाहीर झाले, तेव्हा बहुसंख्य नगरांच्या वाट्याला आराखड्याचेच अनुदान आले.

फिलाडेल्फिया नगरास मात्र त्याच फेरीत बांधकामासाठी 3 कोटी डॉलर मिळाले. त्या नगराने आपली खतावणी आधीच लिहून ठेवली होती. रस्त्यांवरील मृत्यू शून्यावर आणण्याचा संकल्प त्याने 2016 मध्येच सोडला होता. पुढे अपघातांची नोंद रस्त्यावार मांडली, तेव्हा मृत्यूंपैकी व गंभीर जखमांपैकी सुमारे 80 टक्के घटना अवघ्या 12 टक्के रस्त्यांवर घडतात असे आढळले. खर्च कोठे करावा, हे मग कोणाच्या वशिल्यावर अवलंबून राहिले नाही.

आपल्याकडची नावे-बाजू याहून जड आहे. 2022 या एका वर्षात भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मृत्यू पावली. दर शंभर मृतांत सुमारे 64 जण दुचाकीवरचे वा पायी चालणारे होते. म्हणजे ज्यांना लोखंडी पत्र्याचा आडोसा नाही, तेच अधिक बळी पडले. बाजारपेठेत येणारे गिऱ्हाईकही बहुधा असेच येते.

सरकारी अनुदान आपल्या नगरांस नवीन नाही. जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटी मोहिमेत निवडलेल्या पहिल्या 20 नगरांत बेळगाव आणि इंदूर ही दोन्ही होती. प्रत्येक नगरास केंद्राकडून 500 कोटी रुपयांपर्यंत आणि तितकीच रक्कम राज्य व स्थानिक संस्था यांजकडून, अशी ती योजना होती. 31 मार्च 2025 रोजी ती मोहीम समाप्त झाली. तिचे उद्देश अनेक होते. पाणी, दिवे, रस्ते, सर्वच त्यात आले. यापुढे जे अनुदान मागावयाचे, त्यात केवळ सुरक्षिततेचा म्हणून निराळा भाग असावा, व मागणीसोबत अपघातांची रस्त्यावार यादी जोडलेली असावी, अशी आमची सूचना आहे.

येथे काही व्यापारी बंधू शंका काढतील, की पदपथ रुंद झाले व गाड्यांचा वेग आवरला, तर धंद्याचे काय? शंका रास्त आहे. तिला उत्तर दिलेच पाहिजे. खडे बाजारातून किंवा गणपत गल्लीतून भरधाव गेलेल्या गाडीने कोणत्याही दुकानात विक्री झालेली नाही. विक्री होते ती पायी थांबणाऱ्या माणसामुळे. माणसे व वाहने जेथे एकत्र वावरतात तेथे ताशी 30 किलोमीटर ही वेगमर्यादा असावी, असे फेब्रुवारी 2020 च्या स्टॉकहोम परिषदेने जगाला सांगितले आहे. पेठेला ती मुळीच जाचक नाही. मालाच्या चढउतारीसाठी पहाटेची वा रात्रीची वेळ नेमून मागावी, आणि त्या मोबदल्यात दिवसा पदपथ मोकळा राखण्याची हमी संघाने द्यावी. असा सौदा उभयपक्षी लाभाचा होईल.

2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यान्वये, रस्त्याच्या सदोष बांधणीमुळे मृत्यू घडल्यास जबाबदार यंत्रणेस वा कंत्राटदारास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र रस्ता सदोष आहे हे नोंदीवाचून सिद्ध कसे व्हावे? यास्तव संघाच्या कार्यकारी मंडळाने दरवर्षी दिवाळीपूर्वी महापालिकेकडे व पोलीस खात्याकडे मागील वर्षाच्या अपघातांची यादी लेखी मागावी आणि ती सभासदांपुढे ठेवावी. लक्ष्मीपूजनाला आपण नवी वही उघडतो. त्याआधी नगराची ही जुनी बाकी एकदा वाचली जावी, एवढीच आमची विनंती आहे.