परीक्षेचा ताळेबंद

परीक्षांचे निकाल लागले म्हणजे दरसाल दोन उद्गार कानी पडतात. आईबाप म्हणतात, मास्तर शिकवीत नाहीत. मास्तर म्हणतात, मुले अभ्यास करीत नाहीत. यांपैकी दुसऱ्या उद्गाराकडे आज आम्ही वाचकांचे लक्ष वेधितो. कारण त्यात रागापेक्षा निराशा अधिक आहे, आणि ज्याच्या हाती आपण आपली मुले सोपविली त्याची निराशा समाजास फार महाग पडते.

मास्तरांचे गाऱ्हाणे असे. सरळव्याज शिकविले, सूत्र सर्व वर्गास मुखोद्गत झाले. पण परीक्षेत ५०० रुपयांचे दसादशे ८ प्रमाणे दोन वर्षांचे व्याज विचारले, तर विद्यार्थी ८००० रुपये लिहून मोकळा होतो! शंभरांनी भागावयाचे राहिले, ही चूक क्षम्य आहे. परंतु दोन वर्षांत मुदलाच्या सोळापट व्याज कसे होईल, ही शंकाही त्याच्या मनास शिवू नये, हे खरे दुःख. पेढीवरचा नवशिका पोरगाही या आकड्यापाशी अडखळेल. तात्पर्य, मुलास सूत्र आले, व्याज आले नाही.

हा दोष कोणाचा? दहावीच्या परीक्षेत उघडे पडणारे अज्ञान पुष्कळदा चौथी-पाचवीतले असते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणास मागे ठेवू नये असे ठरविले, आणि त्याबरोबरच मुलांचे सतत व सर्वंकष मूल्यमापन करावे असेही सांगितले. पहिली आज्ञा सोपी होती, ती पाळली गेली. दुसरी अनेक शाळांतून तक्ते भरण्यापुरती उरली. पुढे २०१९ साली कायदा दुरुस्त झाला, आणि २०२३ साली महाराष्ट्र सरकारने पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा पुन्हा लाविली. जो नापास होईल त्यास जादा शिकवून दोन महिन्यांत फेरपरीक्षेस बसवावे, असा नियम आहे. आमच्या मते या व्यवस्थेचे सारे मोल त्या मधल्या दोन महिन्यांत आहे. ते वाया गेले, तर उरते ती केवळ शिक्षा.

कित्येक म्हणतात, निकाल वाईट लागल्यास मास्तरांसच दंड करा. हा प्रयोग इंग्लंडात होऊन चुकला आहे. तेथे १८६२ साली शाळांचे अनुदान वाचन, लेखन व गणित यांतील मुलांच्या परीक्षेवर बांधून टाकिले. परिणाम काय झाला? अर्थ न कळता मुलांनी वाचनपुस्तके पाठ केली! एकोणिसावे शतक सरण्यापूर्वीच ती पद्धत सोडून द्यावी लागली. धाकाने निकाल सुधारेल, समज सुधारणार नाही.

आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही विचारतो: वर्षभर खतावणी न उघडता दिवाळीस तोटा दिसला म्हणून मुनिमावर ओरडणाऱ्या दुकानदारास आपण शहाणा म्हणाल काय? उत्तरपत्रिका ही शाळेची खतावणी होय. गुण मांडून तिचा गठ्ठा बांधून ठेवण्यात काय हशील? मास्तरांनी दर आठवड्यास चारपाच उदाहरणे घालावी, चुका वर्गात उलगडाव्या, आणि उत्तर काढण्यापूर्वी ते अदमासे किती यावे हे मुलांसच विचारावे. यास वेळ लागतो, हे आम्ही जाणतो. म्हणूनच जनगणना, निवडणूक व आपत्तिनिवारण यांखेरीज शाळेबाहेरची कामे मास्तरांवर लादू नयेत, हे कायद्याचे सत्ताविसावे कलम पाळले जाते की नाही, यावर नागरिकांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेविले पाहिजे.

आणि आईबापांनी? ‘किती मिळाले?’ हा प्रश्न खुशाल विचारावा. पण त्याआधी मुलास किंवा मुलीस जवळ बसवून ‘काय चुकले?’ असे विचारावे. चूक लपविण्याचे भय ज्या घरी नाही, त्या घरच्या मुलास शिकविताना कोणताही मास्तर सहसा निराश होणार नाही.