डिझाइनवाल्यांचा साहेब कोण?

तंत्रज्ञानाच्या कंपनीत फेररचनेची मेल आली की पहिली कुजबुज नोकऱ्यांची असते. डिझाइन विभागात तिच्या जोडीला दुसरीही असते: आता आपला साहेब कोण? याला मानापमानाचं नाटक म्हणून हसणाऱ्यांनी ॲपलकडे पाहावं.

१९९७ साली स्टीव्ह जॉब्ज परतले तेव्हा कंपनी बुडायच्या बेतात होती. डिझाइन विभागाचे तरुण प्रमुख जोनाथन आइव्ह राजीनाम्याच्या विचारात होते. जॉब्जही बाहेरून बडं नाव आणायला निघाले होते. थिंकपॅड लॅपटॉप घडवणारे रिचर्ड सॅपर, मोटारींचे डिझायनर जोर्जेतो जुजारो यांच्याशी बोलणंही झालं. मग जॉब्ज घरच्याच स्टुडिओत गेले, आइव्ह यांच्याशी त्यांचं जुळलं आणि बाहेरचा शोध थांबला. पुढच्याच वर्षी याच विभागाचा निळसर, आरपार दिसणारा आयमॅक बाजारात आला.

गंमत अशी की कागदावर आइव्ह तेव्हा हार्डवेअरच्या प्रमुखाच्या हाताखालीच होते. पण जॉब्ज स्वतः स्टुडिओत येत, अर्धवट नमुने हाताळत, तिथेच निर्णय देत. अभियंत्यांनी ‘हे जमणार नाही’ म्हटलं, तर वाद कुणापर्यंत जाईल हे सगळ्यांना माहीत होतं. बदलाच्या काळात कल्पक माणसांना हवं असतं ते हेच. त्यांच्यासाठी समुपदेशनाची सत्रं आणि रंगीत चिकटचिठ्ठ्यांच्या कार्यशाळा भरवणं हा निव्वळ वेळकाढूपणा.

जॉब्ज २०११ मध्ये गेले. २०१५ मध्ये आइव्ह मुख्य डिझाइन अधिकारी झाले आणि रोजचा कारभार त्यांनी दोन सहकाऱ्यांवर सोपवला. पद मोठं झालं, माणूस टेबलापासून लांब गेला. २०१७ च्या अखेरीस विभागाची सूत्रं त्यांना पुन्हा हातात घ्यावी लागली; २०१९ मध्ये त्यांनी कंपनी सोडण्याचं जाहीर केलं. त्यानंतर विभाग कामकाजप्रमुख जेफ विल्यम्स यांच्याकडे गेला. विल्यम्स पुरवठा साखळीतले मुरलेले गृहस्थ. अशी माणसं वाईट नसतात, पण त्यांचा पहिला प्रश्न ‘कधी आणि केवढ्याला’ असाच असणार. औद्योगिक डिझाइनच्या प्रमुख इव्हान्स हँकी यांनीही २०२२ मध्ये निघण्याचा निर्णय घेतला.

विल्यम्स यांच्या निवृत्तीनंतर विभाग थेट मुख्य कार्यकारी अधिकारी टिम कुक यांच्या अखत्यारीत येईल, असं ॲपलने जुलै २०२५ मध्ये जाहीर केलं. अधिकारांच्या तक्त्यावर हे योग्यच झालं. पण तक्त्यावरची रेघ काही स्टुडिओत येऊन बसत नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात इंटरफेस डिझाइनचे प्रमुख ॲलन डाय मेटाकडे चालल्याची बातमी आली.