एलिव्हेशनआधी छज्जा

कांदिवली, मीरा रोड, बदलापूर किंवा पुण्यातले वाकड, कुठल्याही उपनगरातल्या दहा वर्षे जुन्या इमारतीकडे रस्त्यावरून पाहिले तर ब्रोशरमधले चित्र ते हेच का, असा प्रश्न पडतो. खिडकीबाहेर दीड फूट आलेली बॉक्स ग्रिल, तिच्यावर निळे प्लास्टिक किंवा पत्रा, आत कुंड्या, जुनी बादली आणि वाळत घातलेले कपडे. शेजारी लोखंडी अँगलवर एसीचे युनिट, त्याची नळी हवेत सोडलेली आणि नळीखाली भिंतीवर मजलाभर उतरलेला हिरवट-काळा ओघळ. आपल्या लोकांना सौंदर्यदृष्टीच नाही, असा निकाल यावर सहज दिला जातो. पण या सगळ्यात हौसेचे काय आहे? कपडे वाळवावे लागतात, पाऊस अडवावा लागतो, लहान मूल खिडकीतून पडू नये म्हणून ग्रिल लागते, एसीचे युनिट कुठेतरी टांगावेच लागते. हे होणार हे पाया खणण्याआधीच ठाऊक असते, तरी नकाशात त्याला जागा नसते. एका साच्यातून हजारोंनी निघणाऱ्या घरांचे बाह्यरूप सुधारायचे असेल, तर उद्या भिंतीबाहेर येणारच असलेल्या या गरजा आजच नकाशात काढायला हव्यात.

सुरुवात छज्ज्यापासून करावी लागेल. सांताक्रूझला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साधारण 2,300 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही नैर्ऋत्येकडून तिरपा. अशा हवेत खिडकीवर दोन-अडीच फुटांचा छज्जा असणे ही किमान गरज आहे. हाउसिंग बोर्डाने 1950-60च्या दशकांत बांधलेल्या चार मजली वसाहतींना कोणी देखणे म्हणणार नाही, पण खिडक्यांवर छज्जे आणि जिन्याला सिमेंटची जाळी एवढी अक्कल त्या बांधणाऱ्यांना होती. छज्ज्याच्या खालच्या बाजूला, कडेजवळ एक बोटभर खाच ठेवली की पाणी तिथेच तुटून खाली पडते. ती नसेल तर पाणी छज्ज्याच्या पोटावरून सरपटत भिंतीकडे येते आणि प्लास्टरमध्ये मुरते. या खाचेला खर्च जवळजवळ नाही, लागते ते गवंड्याच्या कामावर लक्ष. आता छज्जा आखडला किंवा गेलाच, आणि त्याच्या जागी टेक्श्चर पेंट, रंगीत उभे पट्टे आणि गच्चीवर काहीही न पेलणारी काँक्रीटची चौकट आली. बिल्डरच्या भाषेत हे ‘एलिव्हेशन’. पहिल्या दोन पावसाळ्यांत त्याची कळा जाते. पश्चिमेच्या उतरत्या उन्हाला एकटा छज्जा पुरत नाही हे खरे. तिथे खिडकीच्या कडेला उभी भिंतपट्टी किंवा खोल बाल्कनी लागते. म्हणजे इमारतीच्या चारही बाजू सारख्या दिसताच कामा नयेत. ऊर्जा दक्षता ब्युरोची 2018ची ‘इको निवास संहिता’ हेच वेगळ्या शब्दांत सांगते. भिंती आणि खिडक्यांतून घरात येणाऱ्या उष्णतेला ती मर्यादा घालते आणि ते मोजताना सावलीचा हिशेब धरते.

तरीही छज्जे आणि बाल्कन्या का गेल्या, याचे उत्तर वास्तुविशारदाच्या कागदापेक्षा एफएसआयच्या, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येईल त्या प्रमाणाच्या, तक्त्यात लवकर सापडते. मुंबईच्या 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीच्या काळात खिडकीबाहेरचे फ्लॉवर बेड एफएसआयमध्ये धरले जात नसत. मग इमारतींना झाडांचे भलतेच प्रेम जडले. प्रत्येक खोलीला फ्लॉवर बेड आला, तो खोलीच्या पातळीला आणून आत घेतला गेला आणि चौरस फुटांच्या दराने विकला गेला. जानेवारी 2012मध्ये नियम बदलून बाल्कनीसह हे सगळे एफएसआयमध्ये मोजायचे ठरले आणि त्या बदल्यात निवासी इमारतींना प्रीमियम भरून 35 टक्के फंजिबल, म्हणजे खोली-बाल्कनी कशालाही वापरता येणारा, एफएसआय मिळाला. लबाडी थांबली, पण बाल्कनी आणि खोली एकाच भावाची झाली. एकाच भावात कोणीही खोलीच घेणार, म्हणून पुढच्या इमारती सपाट झाल्या. ज्याला आपण बिल्डरची अभिरुची म्हणतो, तिच्यात नियम लिहिणाऱ्यांचाही मोठा वाटा आहे.

मग अशा जागांना एफएसआयमधून सूट द्या म्हटले, तर रास्त शंका अशी, की पुन्हा फ्लॉवर बेडचाच खेळ होईल. पण सूट कशाला द्यायची हे नीट ठरवता येते. पाऊण मीटरच्या छज्ज्यावर कोणी खाट टाकू शकत नाही. बाल्कनीचे म्हणाल, तर रेरा या गृहप्रकल्पांच्या नियमन कायद्याच्या व्याख्येनुसार ती आता चटई क्षेत्रात मोजता येत नाही, त्यामुळे ती खोली म्हणून विकणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. दुसरी हरकत खर्चाची. परवडणाऱ्या घरांत हे लाड कशाला, असे विचारले जाते. पण छज्जा वाचवला म्हणून खर्च वाचत नाही, तो फक्त दुसऱ्याच्या माथी जातो. रेराच्या कलम 14 नुसार ताब्यानंतर पाच वर्षे बांधकामातले दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात. त्यानंतरचे वॉटरप्रूफिंग, रंगकाम आणि पावसाळी शेड सोसायटीच्या माथी, आणि लहान घरांच्या सोसायटीचा निधीही लहानच असतो.

सगळे नकाशातच ठरवले तर वसाहती एकसुरी होतील, ही भीती मला फारशी पटत नाही. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये 1947 ते 1951 या काळात सतरा हजारांवर घरे मोजक्या नमुन्यांवर बांधली गेली आणि त्यांच्या एकसारखेपणाची भरपूर थट्टा झाली. रहिवाशांनी पुढे पोटमाळे वाढवले, खोल्या जोडल्या आणि मूळ रूपातले घर तिथे शोधावे लागू लागले. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईत बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये 1980च्या दशकात हा बदल आधीच गृहीत धरला. सुमारे साडेपाचशे कुटुंबांसाठी घरे, सात-सात घरांच्या मध्ये एक अंगण आणि शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, म्हणजे ज्याला हवे त्याने आपले घर वाढवावे. आज तिथली कित्येक मूळ घरे पाडून मोठे बंगले उठले आहेत आणि कोरियांची उतरती छपरे थोडी उरली आहेत. काहीजण याला प्रयोगाचे अपयश म्हणतात. मला मात्र अंगणांची रचना टिकली हे अधिक महत्त्वाचे वाटते. बहुमजली इमारतीत मालकाला एवढी मोकळीक देता येणार नाही, पण ग्रिल कुठवर यावी, युनिट कुठे बसावे, त्याचे पाणी कोणत्या पाइपात जावे, कपड्यांची दोरी कशामागे असावी एवढे आखून बाकीचे ज्याचे त्याच्यावर सोडता येते. ग्रिलमध्ये आगीच्या वेळी उघडणारे दार ठेवण्याची सक्तीही त्याच आखणीत बसेल.

खासगी बिल्डरांचे नियम बदलायला वेळ लागेल. म्हाडा आणि सिडको मात्र स्वतः घरे बांधतात, स्वतःच निविदा काढतात आणि लॉटरीने घरे देतात. गिऱ्हाइकाला ब्रोशरने भुलवण्याची त्यांना गरज नाही. पुढच्या निविदेत त्यांनी छज्ज्याची खोली, खालची खाच, एसीची जागा, ग्रिलचा नमुना आणि कपडे वाळवण्याची बाल्कनी कंत्राटातल्या बाबी म्हणून लिहाव्यात, आणि अखेरचे बिल एक पावसाळा उलटल्यावर, भिंती पाहून द्यावे.